हॅरी पोप यांची नळी

न्यू यॉर्कसमोर हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर जर्सी सिटी आहे. तिथं १८, मॉरिस स्ट्रीट या पत्त्यावर हॅरी पोप नावाचा एक माणूस अगदी म्हातारा होईपर्यंत रायफलच्या नळ्या घडवत राहिला. जन्म १८६१चा, शिक्षण एमआयटीत. हार्टफर्डच्या सायकल कारखान्यातली नोकरी सांभाळून त्यांनी नळ्यांचं काम सुरू केलं. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुकान मांडलं, ते त्याच वर्षीच्या भूकंपात गेलं. १९५० मध्ये ते वारले. पोप यांच्या नळीसाठी गिऱ्हाइकं आनंदानं ताटकळत असत.

या नळीत असं काय होतं? आत आठ खाचा. त्यांचा पीळ मागच्या बाजूला सैल आणि तोंडाकडे जाताना घट्ट होत जाणारा. आतला व्यासही तोंडाकडे किंचित कमी होत जाई. बारूद भरलेलं काडतूस मागून घालायचं, पण शिशाची गोळी तोंडाकडून दाबत आत न्यायची. त्यासाठी नळीचाच एक तुकडा कापून, त्यातल्या खाचा मूळ खाचांशी तंतोतंत जुळतील असा तोंडावर बसवला जाई. गोळी आत शिरताना शिशाला फुटणारे काटे पुढच्या अंगाला राहत आणि बूड स्वच्छ राही. नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीचं बूड वाकडं असेल, तर मागून रेटणारा वायू तिला एका बाजूला ढकलतो. अचूकतेचं मर्म या बुडात आहे हे पोप यांना उमगलं होतं. १९०१ साली कोलोरॅडोतल्या सी. डब्ल्यू. रोलंड यांनी पोप यांच्या नळीतून, रायफल टेकवून, २०० यार्डांवर १० गोळ्या झाडल्या. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर भरलं ०.७२५ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आत. हा आकडा नेमबाज आजही आदरानं सांगतात.

या नोंदीत मला सर्वांत मोलाची वाटते ती १० ही गोळ्यांची संख्या. छोटे रायफलकार आज गिऱ्हाइकाला तीन गोळ्यांच्या निशाण्याचा कागद दाखवतात. पण त्याच रायफलीतून १० गोळ्या झाडल्या, तर पसारा सरासरीनं दीडपटीहून जास्त भरतो. यात लबाडी असेलच असं नाही, संभाव्यतेचं गणितच तसं आहे. तीन छिद्रं जवळजवळ पडायला नशीबही पुरतं. म्हणून कागद मागावा तो १० गोळ्यांचा, आणि तोही एक नव्हे, लागोपाठचे तीन-चार. नळी तापत गेल्यावर छिद्रांचा पुंजका एका दिशेला सरकत असेल, तर नळीच्या पोलादात ताण राहिलाय किंवा ती कुठंतरी दस्त्याला टेकतेय असा संशय घ्यावा.

त्याआधी सुरक्षितता. ब्रिटनमध्ये प्रत्येक नव्या बंदुकीची दाब-चाचणी घेणं कायद्यानं सक्तीचं आहे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ची, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३चं. अमेरिकेत अशी सरकारी सक्ती नाही. तिथं एकट्या कारागिराकडून रायफल घेणाऱ्याला त्याच्या मोजमापांवरच विसंबावं लागतं. ती मोजमापं उघड मागावीत. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेत, मापाचं ‘गो’ गेज घातल्यावर बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) बंद झाला पाहिजे, ‘नो-गो’ गेजवर होता कामा नये. बोल्टच्या पुढच्या खुंट्या दोन्ही बाजूंनी सारख्या टेकतात का, हे टूलरूमच्या पद्धतीनं निळी शाई लावून पाहता येतं. एकच खुंटी टेकत असेल, तर सगळा धक्का एका बाजूनं बसतो.

झाडून झालेलं रिकामं काडतूस म्हणजे तर रायफलीचा दवाखान्यातला केसपेपरच असतो. ते एका अंगाला फुगलं असेल, तर चेंबर नळीच्या मध्यावर कोरलेलं नसावं. बुडाच्या जरा पुढं चकाकणारं कडं दिसलं, तर पितळ तिथं ताणलं गेलंय. अशा रायफलीतून, जाणकारानं तपासल्याशिवाय, पुढची फैर झाडू नये.

दस्त्याची बैठक तपासायची असेल तर नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांच्यात डायल गेज लावावं आणि एकेक स्क्रू सैल करावा. काटा इंचाच्या दोन-तीन हजारांशांहून जास्त हलला, तर स्क्रू आवळताना पोलाद वाकवलं जातंय. अक्रोडाचं लाकूड, नक्षी, चकाकी डोळ्यांना सुखावतात. त्यांचे पैसे जरूर द्यावेत, पण अचूकतेच्या नावाखाली नव्हे.

अचूकतेत काडतुसाचाही वाटा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्या निशाण्यावरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास आहे फक्त १०.४ मिलिमीटर. त्या पातळीवरचे नेमबाज नळी पक्की बांधून काडतुसांचा एकेक लॉट झाडून पाहतात. एकाच कारखान्याच्या एका लॉटशी नळीचं जमतं, दुसऱ्याशी जमत नाही. म्हणूनच छोट्या कारागिराची रायफल नापसंत ठरवण्याआधी, त्यानं कोणत्या काडतुसानं चाचणी घेतली ते विचारावं आणि तेच काडतूस वापरून पाहावं.

चांगल्या कारागिराला असल्या प्रश्नांचा राग येत नाही. तो वही काढून आकडे दाखवतो. जो आकड्यांऐवजी नुसतं आपलं नाव पुढं करतो, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.