वडापावातलं तेल जातं कुठे?

खारघर स्टेशनबाहेर संध्याकाळी सातला वडापाव हाणताय? मग त्यातलं तेल रात्री दहा-अकराच्या सुमारास तुमच्या रक्तात सर्वाधिक असेल. म्हणजे नेमकं तुम्ही सोफ्यावर लोळत असताना!

तेल रक्तात विरघळत नाही, म्हणून आतडी त्याचे सूक्ष्म थेंब प्रथिनांत गुंडाळून पाठवतात. केशवाहिन्यांच्या भिंतीवरचं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम ते फोडतं आणि मेदाम्लं सुटी होतात. पेशीच्या दारावरचं सीडी३६ हे प्रथिन त्यांना आत घ्यायला मदत करतं. गंमत पुढे आहे. जेवणानंतर इन्सुलिन चरबीच्या पेशींकडचं एन्झाइम जोरात कामाला लावतं. स्नायू मात्र हलले, की त्यांच्या दारावर जास्त सीडी३६ येतं.

‘मी तर बारीकच आहे,’ म्हणता? २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२!

म्हणून मी वजनकाट्यावर विसंबत नाही. वडापाव सोडलेला नाही, पण रात्री जेवण झालं की उत्सव चौकाकडे एक फेरी ठरलेली. तेल जाणारच आहे, निदान पत्ता तरी आपण ठरवू!