वेगापेक्षा वेळ मोठी

संगणकाची थोरवी मोजण्याचे एकच माप रूढ झाले आहे, ते म्हणजे वेग. कार्यालयातील संगणकाला ते चालतेही. पगारपत्रक दोन क्षण उशिरा निघाले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. विमानाचे सुकाणू सांभाळणाऱ्या संगणकाची गोष्ट निराळी. तेथे उशिरा मिळालेले बरोबर उत्तर म्हणजे वरातीमागून घोडे. किंबहुना ते चुकीचेच उत्तर होय.

अशा यंत्रणेत एकच संगणक नसतो. अनेक लहान संगणक एकमेकांना सतत निरोप धाडीत असतात आणि त्या निरोपांच्या वाटेवर सारे अवलंबून असते. जुनी पद्धत सामाईक तारेची. एकेरी लोहमार्गाप्रमाणे तिच्यावरून एका वेळी एकच निरोप जातो. इतरांनी खोळंबून राहावयाचे.

खोळंब्याचे मूळ नेहमी मंद वेगात असते असेही नाही. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या अमेरिकेच्या 'पाथफाइंडर' यानाचा संगणक काही दिवसांतच वारंवार आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. हवामान नोंदविण्याच्या एका दुय्यम कामाने सामाईक माहितीची किल्ली धरून ठेवली होती. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नव्हती आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या किल्लीसाठी ताटकळत होते. उपाय पृथ्वीवरूनच झाला. किल्ली धरणाऱ्याला, वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता देण्यात आला. यंत्र तेच राहिले. बदलला तो नियम.

२००५ मध्ये प्रथम उडालेल्या एअरबस ए-३८० विमानात स्विचचे जाळे आले. टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे स्विच प्रत्येक निरोप त्याच्या नेमक्या वाटेला लावतो, त्यामुळे अनेक संभाषणे एकाच वेळी चालतात. वेग सेकंदाला दहा कोटी बिटांचा. तथापि दोन निरोप एकाच दाराशी आले, तर एकाला थांबावेच लागते. म्हणून प्रत्येक प्रवाहाला निरोपाची कमाल लांबी आणि दोन निरोपांमधील किमान अंतर आधीच बांधून दिलेले असते; हे अंतर १ ते १२८ सहस्रांश सेकंदांचे. परिणामी जास्तीत जास्त विलंब किती होईल, हे गणिताने आधीच सांगता येते. शिवाय तोच निरोप दोन स्वतंत्र जाळ्यांतून जातो. आधी पोचेल तो घेतला जातो.

खरी प्रगती आहे ती या हमीत. सरासरी वेगाचा आकडा जाहिरातीला शोभतो. प्रवाशाचा जीव मात्र सर्वांत वाईट क्षणावर अवलंबून असतो. विमान असो, रेल्वेचा सिग्नल असो वा रुग्णालयातील यंत्र असो, "किती वेगाने?" या प्रश्नाआधी "उशिरात उशिरा केव्हा?" हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. अभियांत्रिकीच्या वर्गात तो शिकविला जावा आणि यंत्रखरेदीच्या कागदांवर त्याचे लेखी उत्तर मागितले जावे. ज्याच्याजवळ ते उत्तर नाही, त्याच्या वेगाचे कौतुक कशाला?