राउटरमधील इंटरफेस : व्याख्या एक, वापर अनेक

राउटर ज्या दारांतून नेटवर्कशी जोडला जातो, त्या प्रत्येक दाराला इंटरफेस म्हणतात. केबल खोचायचा इथरनेट पोर्ट हा त्यातला डोळ्यांना दिसणारा प्रकार. अनेक पोर्ट एकत्र बांधणारे बाँडिंग, ब्रिज, वायरगार्ड, व्हीएक्सएलएएन आणि लूपबॅक हे मात्र सॉफ्टवेअरमध्येच तयार होतात. कामे निराळी असली तरी प्रशासक यातल्या बहुतेकांना त्याच गोष्टी सांगतो: आयपी पत्ता कोणता, वर्णन काय, पॅकेटची कमाल लांबी म्हणजे एमटीयू किती, इंटरफेस चालू की बंद. यातल्या प्रत्येक सेटिंगची व्याख्या सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आधी करून ठेवावी लागते. आज्ञेचे नाव, मदतीचा मजकूर, चालणारी मूल्ये आणि चूक झाल्यास दिसणारा संदेश हे सारे तिच्यात येते. पुनरावृत्ती शिरते ती इथेच.

व्हायओएस या मुक्त-स्रोत राउटर सॉफ्टवेअरमध्ये हे स्पष्ट दिसते. 2013 मध्ये ते व्याटा या प्रकल्पाची शाखा म्हणून सुरू झाले आणि व्याटाची जुनी पद्धतही त्याच्याकडे वारशाने आली. त्या पद्धतीत प्रत्येक आज्ञेला एक फोल्डर आणि त्यात व्याख्येची एक छोटी फाइल असे. साध्या वर्णनासाठीही इथरनेटखाली एक फाइल, बाँडिंगखाली तशीच दुसरी. एका तारेवर अनेक नेटवर्क चालवणारे व्हीलॅन आले की हा पसारा गुणाकाराने वाढतो. एकट्या इथरनेटमध्ये पत्त्याची व्याख्या चार जागी लागते: मूळ पोर्टवर, साध्या व्हीलॅनवर आणि दुहेरी व्हीलॅनच्या बाहेरच्या व आतल्या थरावर.

जागा किती अडते हा इथे गौण प्रश्न आहे. खरा धोका प्रती एकमेकींपासून दुरावण्याचा. एका जागी मदतीचा मजकूर सुधारला जातो, दुसऱ्या जागी जुनाच राहतो. एमटीयूची मर्यादा इथे बदलते, तिथे बदलत नाही. मग सारखी दिसणारी आज्ञा दोन इंटरफेसवर वेगळी वागते आणि प्रशासकाला त्याचे कारण सापडत नाही.

व्हायओएसने व्याख्या एक्सएमएलमध्ये लिहायला घेतल्या आणि समान भाग स्वतंत्र तुकड्यांत ठेवले. इथरनेटच्या फाइलमध्ये आता वर्णनाचा तुकडा 'समाविष्ट करा' अशी एकच ओळ असते. बांधणीच्या वेळी त्या ओळीच्या जागी पूर्ण मजकूर येतो, रिलॅक्स एनजी स्कीमावर त्याची रचना तपासली जाते आणि त्यातून जुन्या पद्धतीच्या फाइली आपोआप तयार होतात. तुकड्यात दुसरा तुकडाही बसतो. त्यामुळे व्हीलॅनचा अख्खा संच एकदा लिहून इथरनेट आणि बाँडिंग दोन्हींना देता येतो. पूर्वी व्याख्येतच मिसळलेला शेल कोडही वेगळा झाला. तपासणी आणि अंमलबजावणी पायथनमध्ये गेली आणि तिथे सर्व इंटरफेससाठी एक सामायिक मूळ क्लास आहे.

सगळ्यांत नाजूक काम मात्र काय एकत्र करू नये हे ठरवण्याचे. इथरनेटला पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळू शकतो. डमी इंटरफेस केवळ सॉफ्टवेअरमध्ये असतो, त्याच्या पलीकडे पत्ता देणारे कोणीच नसते. म्हणून पत्त्याचे दोन तुकडे ठेवले आहेत, एक डीएचसीपीसह आणि एक त्याशिवाय. दोन्ही ओढूनताणून एक केले असते, तर अशक्य गोष्टही आज्ञावलीत शक्य म्हणून दिसली असती. एमटीयूचेही तसेच. आयपीव्ही4 किमान 68 बाइटवर चालते, आयपीव्ही6 ला किमान 1280 लागतात, शिवाय इंटरफेसच्या प्रत्येक प्रकाराची गरज निराळी. व्हायओएसमध्ये एमटीयूच्या तुकड्यांच्या नावातच किमान-कमाल आकडे घातलेले असतात, आणि ही सवय अनुकरणीय आहे: फाइल न उघडता फरक कळतो.

या पद्धतीची किंमतही आहे. एका इंटरफेसची पूर्ण व्याख्या वाचायला अनेक फाइली उघडाव्या लागतात आणि सामायिक तुकड्यातली एक चूक एकाच वेळी सगळीकडे पोहोचते. तरीही व्यवहार याच पद्धतीच्या बाजूने आहे, कारण ती चूक लवकर लक्षात येते आणि एकाच जागी दुरुस्त होते.