नकाराचं कारण कळेपर्यंत

अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने डिसेंबर २००० मध्ये एसईलिनक्स सर्वांसाठी खुलं केलं. प्रत्येक फाइलला आणि चालू प्रोग्रामला एक लेबल. कोणत्या लेबलने कशाला हात लावायचा ते पॉलिसी ठरवणार, आणि तिच्यापुढे रूटचंही, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचंही चालणार नाही. २००३ मध्ये ते लिनक्स कर्नलमध्ये आलं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये मात्र एकच सल्ला पसरला: आधी ते बंद करा.

याला कारण होतं. फेडोरा कोअर या लिनक्स वितरणाच्या २ क्रमांकाच्या आवृत्तीची पॉलिसी सगळ्याच प्रोग्रामना वेसण घालू पाहत होती. इतकं काही अडायला लागलं की २००४ च्या मे महिन्यात ती आवृत्ती एसईलिनक्स बंद ठेवूनच बाहेर पडली. त्याच वर्षी आलेल्या कोअर ३ ने फक्त नेटवर्कला तोंड देणाऱ्या मोजक्या सेवांवर बंधनं ठेवली. माझ्या मते या साऱ्या वाटचालीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

तरीही अडल्यावर काय करायचं, ते उमगत नसे. होम डिरेक्टरीत तयार केलेलं पान ‘एमव्ही’ कमांडने वेबच्या फोल्डरमध्ये हलवलं की जुनं लेबलही त्याच्यासोबत जातं. अपाचे हा वेब सर्व्हर ते वाचू शकत नाही, ब्राउझरमध्ये ४०३ दिसतो. परवानग्या तपासाव्यात तर सगळं ठीक. लेबल दिसतं ते ‘एलएस’ला मोठा झेड जोडल्यावर, आणि ऑडिट लॉगमध्ये ‘डिनाइड’ची ती लांबलचक ओळ. खरा उपाय एका ओळीचा, योग्य लेबल पुन्हा लावणारी ‘रिस्टोअरकॉन’ कमांड. पण तो सांगणार कोण? ‘ऑडिट टू अलाव’ नकाराच्या नोंदीवरून नवा नियम बनवून देई, म्हणजे एका फाइलचं लेबल चुकलं म्हणून अपाचेला लोकांच्या होममधल्या तशा सगळ्या फायली वाचायची मुभा! नकार योग्य होता का, हे ते विचारतच नसे. सोय म्हणून दिलेल्या या साधनाने किती पॉलिसी पोखरल्या असतील, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं.

म्हणून २००६ मध्ये फेडोरा कोअर ६ सोबत आलेलं ‘सेट्रबलशूट’ मला मोठं वाटतं. काय अडलं, का अडलं असावं आणि कोणती कमांड द्यावी, हे ते साध्या वाक्यांत सांगू लागलं. पुढे एकाच सेवेला ‘परमिसिव्ह’, म्हणजे न अडवता फक्त नोंद करत ठेवायची सोय झाली. एका प्रोग्रामपायी अख्ख्या सर्व्हरचं संरक्षण काढायची गरज उरली नाही. लेबलऐवजी फाइलच्या पाथवरून नियम लावणाऱ्या अ‍ॅपआर्मरने शिकाऊ मोड देऊन उबुंटूवाल्यांचं काम हलकं केलं.

एसईलिनक्स वापरताना अँड्रॉइडने वेगळाच मार्ग धरला. ४.३ मध्ये नुसती नोंद, आणि २०१४ च्या ५.० पासून पूर्ण अंमल. फोन वापरणाऱ्याला पॉलिसीचं नावही ठाऊक नसतं. तिचा भार फोन बनवणाऱ्यांवर गेला. ‘नेव्हरअलाव’चा, म्हणजे कधीच न द्यायच्या परवानगीचा नियम मोडला तर त्यांची पॉलिसी बिल्डच होत नाही.

कंटेनरसाठी आता ‘युडिका’ आहे. कंटेनरला कोणते पोर्ट, कोणते फोल्डर लागतात हे वाचून ते पॉलिसी लिहितं, नकार साचायची वाट पाहत नाही. कंपनीने स्वतःपुरत्या लिहिलेल्या सॉफ्टवेअरचं काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे. प्रोग्रामर पॉलिसी लिहून देत नाही, ती सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच लिहावी लागते, आणि तीही सॉफ्टवेअर चालू झाल्यावर.