अलकनंदा : एका दूरच्या दीर्घिकेचे नाव

गॅलेक्सीला आपण मराठीत दीर्घिका म्हणतो. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळे. आदिलाबादच्या मराठी वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की मुले तेलुगूतली ‘पालपुंत’ सांगतात. पण दुधाची ती वाट म्हणजे आपली एकटी आकाशगंगा, ते विशेषनाम. दीर्घिका हे सामान्यनाम. हा घोळ सोडवायला मला २०२५ साली चांगले उदाहरण मिळाले.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या प्रतिमांत एक सर्पिल दीर्घिका सापडली. तिला त्यांनी ‘अलकनंदा’ म्हटले. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात, आणि मंदाकिनी-अलकनंदा या हिमालयातल्या बहिणी रुद्रप्रयागला भेटतात. पैनगंगेकाठच्या मुलांना नद्यांचे नाते समजावावे लागत नाही.

तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १२ अब्ज वर्षे लागली. म्हणजे विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असतानाची अलकनंदा आपण पाहतो. “मग सर, ती आत्ता तिथे आहे का?” एका मुलीने विचारले. याचे उत्तर कोणत्याच दुर्बिणीत दिसत नाही. आत्ताचा प्रकाश अजून वाटेतच आहे. विश्व प्रसरण पावत असल्याने वाटेत प्रकाशाची तरंगलांबीही सुमारे पाचपट ताणली गेली. दृश्य प्रकाश अवरक्त झाला, म्हणून अवरक्त पाहणारी वेब दुर्बीण लागली. शिवाय वाटेतल्या एबल २७४४ या दीर्घिकासमूहाने भिंगासारखे काम करून तिचे तेज सुमारे दुप्पट केले.

अलकनंदेचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे. आपल्या आकाशगंगेचा साधारण १ लाख. तिच्यातल्या ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे १० अब्ज सूर्यांइतके. दरवर्षी सुमारे ६० सूर्यांच्या वस्तुमानाचे नवे तारे तिथे घडत होते, आपल्याकडच्या आजच्या वेगाच्या जवळजवळ २० पट.

खरे आश्चर्य तिच्या आकाराचे आहे. इतक्या कोवळ्या विश्वात दीर्घिका ओबडधोबड, विस्कळीत असाव्यात असा समज होता, कारण चकती स्थिरावून तिच्यात भुजा उमटायला वेळ लागतो. इथे मात्र मधला तेजस्वी फुगवटा आणि त्याभोवती दोन रेखीव भुजा! त्या थंड वायू सावकाश येऊन मिळाल्याने उमटल्या, की एखादी लहान दीर्घिका जवळून गेल्याने? ते ठरवायला तिच्या चकतीचे फिरणे मोजावे लागेल.