तक्त्याची मांडणी : निर्यात, पुनर्स्थापना आणि अडचणींचे निवारण

उद्दिष्टे

या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• तक्त्यातील माहिती आणि तक्त्याची मांडणी यांतील भेद सांगता येईल.
• जतन केलेली मांडणी परत लावताना येणाऱ्या अडचणींची कारणे ओळखता येतील.
• यांपैकी कोणती अडचण मराठीच्या लेखनाशी निगडित आहे, हे स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक

पुण्याच्या दक्षिणेस कात्रज येथे पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची दुग्धशाळा आहे. सहकारी दूधव्यवसायात गावोगावच्या प्राथमिक संस्था दूध संकलित करतात व ते जिल्हा संघाकडे पाठवतात. उत्पादकाचे दूध किती लिटर भरले, त्याचे फॅट व एसएनएफ किती, यांवर त्याचे दूधबिल अवलंबून असते. एखादी प्राथमिक संस्था या नोंदी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या तक्त्यात ठेवते, अशी कल्पना करू.

संस्थेचा सचिव सोयीप्रमाणे स्तंभांचा क्रम बदलतो, काही स्तंभ झाकतो, केवळ सकाळचे दूध दिसेल अशी गाळणी लावतो. या निवडींचा संच म्हणजे तक्त्याची मांडणी होय. नोंदी सर्व्हरवर असतात. मांडणी मात्र पुष्कळदा त्या एका ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात राहते. म्हणून संगणक बदलला की ती दिसेनाशी होते. ती फाइलच्या रूपाने बाहेर काढणे म्हणजे निर्यात आणि दुसरीकडे पुन्हा लावणे म्हणजे पुनर्स्थापना.

२. नेहमीच्या अडचणी व त्यांची कारणे

(अ) ओळी कमी दिसणे : मांडणीबरोबर जुनी गाळणीही परत येते. सायंकाळच्या नोंदी नाहीशा झाल्यासारख्या वाटतात; प्रत्यक्षात त्या केवळ झाकलेल्या असतात. असा अपुरा तक्ता छापून त्यावरून बिल केले, तर उत्पादकाचे नुकसान होते. म्हणून सर्वप्रथम गाळणी तपासावी.

(आ) स्तंभ दिसतो, पण त्याचे रूप बिघडते : मांडणी बहुधा जेसन या मजकूर-स्वरूपात जतन होते. त्यात अंक, मजकूर, होय-नाही अशी मूल्ये आणि याद्या मावतात. आकडेमोड करणारे किंवा रूप ठरवणारे फंक्शन मावत नाही. जावास्क्रिप्ट ते फंक्शन कोणतीही सूचना न देता वगळते. दर दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवणारा नियम अशा वेळी गळून पडतो. ही फंक्शने मूळ कार्यक्रमातच ठेवावीत आणि पुनर्स्थापनेच्या वेळी स्तंभांना पुन्हा जोडावीत.

(इ) मांडणी लागूच न होणे : स्तंभ तयार होण्यापूर्वीच मांडणी लावली, तर ती लागण्यास स्तंभच नसतात. आधी स्तंभ, मग मांडणी, हा क्रम पाळावा.

(ई) एखादाच स्तंभ मूळ जागी राहणे : जतन केलेली मांडणी स्तंभाला त्याच्या ओळखनावाने शोधते. ते नाव मधल्या काळात बदलले असेल, तर त्या स्तंभापुरती मांडणी निष्फळ ठरते.

३. लिपीतून येणारी अडचण

शेवटच्या अडचणीचे एक रूप मराठीच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील अर्थभेद आपण ‘र’च्या दोन लेखनरूपांवरून ओळखतो. यांपैकी दुसरे रूप ‘शेतकऱ्याचे नाव’ या शीर्षकातही आहे. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते : ‘ऱ’ हे अक्षर व हलन्त यांनी, किंवा साधा ‘र’, हलन्त व शून्य रुंदीचा अदृश्य जोडक यांनी. वाचकाला दोन्ही शब्द एकच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न असतात. एका कळफलकावर टंकलेले शीर्षक ओळखनाव म्हणून जतन झाले आणि नंतर ते दुसऱ्या पद्धतीने टंकले गेले, तर जुळणी होत नाही. युनिकोडची प्रमाणीकरण-प्रक्रिया ‘र’ व नुक्ता यांची जोडी ‘ऱ’शी एकरूप करते, परंतु अदृश्य जोडकाचा हा भेद ती मिटवत नाही.

यावरील उपाय सोपा आहे. ओळखनाव आणि शीर्षक वेगळे ठेवावे. ओळखनाव लहान व कायमचे असावे. शीर्षक वाचकासाठी असते, ते शुद्ध मराठीत लिहावे व हवे तेव्हा सुधारावे.

४. सारांश

मांडणी ही माहितीची प्रत नव्हे. ती माहिती कशी दिसावी, याविषयीची नोंद आहे. म्हणून नोंदींची प्रत स्वतंत्रपणे जपावी. मांडणीच्या फाइलमध्ये तिचा आवृत्ती-क्रमांक नोंदवावा, म्हणजे तक्ता बदलल्यावर जुनी फाइल ओळखता येते. पुनर्स्थापनेनंतर एकूण ओळी आणि एकूण लिटर यांची बेरीज मूळ नोंदींशी ताडून पाहावी. तक्ता नीटनेटका दिसतो, म्हणजे तो पूर्ण असतोच असे नाही.

आपली प्रगती तपासा

१. तक्त्यातील ओळी कमी दिसल्यास प्रथम काय तपासाल? का?
२. फंक्शन जेसनमध्ये जतन न झाल्याने तक्त्यावर कोणता परिणाम होतो, ते सोदाहरण लिहा.
३. ‘डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला भिन्न वाटू शकतात.’ हे विधान ‘ऱ्य’च्या आधारे स्पष्ट करा.