पश्चिम आफ्रिकेंतील तीन गाद्या

आफ्रिका खंडाचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगला म्हणजे मुलें त्यांत सहारा दाखवितात, नाईल नदी दाखवितात, किलिमांजारो पर्वत दाखवितात. परंतु तेथील जुनी राजधानी दाखवा असें म्हटलें कीं हात इजिप्तवर जाऊन थांबतो. हा दोष मुलांचा नव्हे. भूगोलाचीं जीं पुस्तकें पुष्कळ काळ चाललीं, त्यांत सहाराच्या दक्षिणेस राज्यें नव्हतींच. होत्या त्या केवळ टोळ्या. खरें पाहतां गिनीच्या आखाताच्या बाजूस कित्येक शतकें दरबार भरत होते, खंडण्या वसूल होत होत्या, परदेशचे वकील येत-जात होते. अलीकडे या जुन्या राज्यांचें दर्शन घडविणाऱ्या सहली निघूं लागल्या आहेत. घाना देशांतील कुमासी, तेथून पूर्वेस आबोमे, आणि आणखी पूर्वेस नायजेरियांतील बेनिन शहर, या वाटेनें वाचकांस घरबसल्या नेण्याचा आमचा विचार आहे. नकाशा जवळ असल्यास बरें.

येथें एक घोंटाळा आधींच सोडविला पाहिजे. आज बेनिन नांवाचा जो स्वतंत्र देश आहे, तो १९७५ पर्यंत दाहोमी या नांवानें ओळखला जात असे. आबोमे ही त्या दाहोमीची जुनी राजधानी. उलट इतिहासप्रसिद्ध बेनिन राज्य त्या देशांत नसून शेजारच्या नायजेरियांत होतें. नांव एक, ठिकाणें दोन. चांगले शिकलेले लोकही येथें फसतात.

घानाची राजधानी आक्रा समुद्रकांठीं आहे. तेथून वायव्येस सुमारें २५० किलोमीटरांवर कुमासी लागतें. आशांती लोकांची ही राजधानी. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओसेई तुतु या राजानें आसपासचीं लहान संस्थानें जोडून हें राज्य उभारलें. परंपरा असें सांगते कीं, त्याचा धर्मगुरु ओकोम्फो आनोच्ये यानें एका शुक्रवारीं आकाशांतून सोन्याचें एक आसन उतरविलें व तें राजाच्या मांडीवर येऊन टेकलें. या सुवर्णासनावर कोणीहि बसत नाहीं, राजाहि नाहीं. तें जमिनीस टेकूं देत नाहींत. त्याला ठेवण्यासाठीं स्वतंत्र आसन असतें. मेलेले, जिवंत, आणि अद्याप जन्मास यावयाचे, अशा सर्व आशांती लोकांचा प्राण त्यांत आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. ती श्रद्धा आपली नसेल. परंतु ती ध्यानांत घेतल्यावांचून पुढील इतिहास उलगडत नाहीं.

१८७४ च्या फेब्रुवारींत सर गार्नेट वूल्स्ली याच्या इंग्रजी फौजेनें कुमासी घेतलें, राजवाडा लुटला व शहर जाळलें. वर ५०,००० औंस सोन्याची खंडणी लादली. शहर जळण्यापूर्वीं रामझायर नांवाचे मिशनरी, पत्नीसह, तेथें कांहीं वर्षें कैदेंत होते. जुन्या कुमासीची पुष्कळशी माहिती त्यांच्याच लेखणींतून आपणांस मिळते. पुढें १८९६ सालीं इंग्रजांनीं प्रेंपे राजास लढाईवांचूनच पकडून नेलें, आणि १९०० सालीं गव्हर्नर हॉजसन यानें कुमासींत सभा भरवून सरदारांस विचारिलें कीं, तें सोन्याचें आसन कोठें आहे, व त्यावर मला बसावयास कां दिलें नाहीं? त्या बिचाऱ्यास ती एक खुर्चीच वाटली असावी. इजिसूची राजमाता या आसान्तेवा हिनें पुढें होऊन युद्ध पुकारलें. युद्धांत आशांती हरले, राजमाता हद्दपार झाली व १९२१ सालीं सेशेल्स बेटांतच वारली. परंतु आसन मात्र इंग्रजांच्या हातीं लागलें नाहीं. तें पुरून ठेविलें होतें. १९२१ च्या सुमारास रस्ता बांधणाऱ्या मजुरांस तें सांपडलें आणि त्यांवरील सोन्याचे दागिने चोरीस गेले, तेव्हां सारा आशांती मुलूख सुतकांत बसला. त्या वेळीं सरकारनें त्यावर हक्क सांगितला नाहीं. हें शहाणपण एकवीस वर्षें उशिरां आलें.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस प्रेंपेची हकीकत ओळखीची वाटेल. राजास मारावयाचें नाहीं, दूर समुद्राकांठीं पेन्शनीवर ठेवून त्याच्या प्रजेच्या डोळ्यांआड करावयाचें, ही एकच रीत ब्रह्मदेशांत आणि आशांतींत वापरली गेली. थिबा १९१६ सालीं रत्नागिरीसच वारला. प्रेंपेनें सेशेल्समध्यें इंग्रजी लिहावयास-वाचावयास शिकून घेतलें, ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, आणि २८ वर्षांनीं, १९२४ सालीं, तो आपल्या लोकांत परत आला. त्याच्यासाठीं बांधलेला मान्ह्या राजवाडा आज संग्रहालय आहे. १९३५ सालीं गादीहि रीतसर पुन्हां मान्य झाली. आजचे राजे दुसरे ओसेई तुतु १९९९ सालीं गादीवर आले. त्यांस कर बसवितां येत नाहीं, फौज नाहीं; तरी जमिनीचे व वारशाचे तंटे त्यांच्यापुढें येतात. दर बेचाळीस दिवसांनीं एका रविवारीं मोठा दरबार भरतो. प्रचंड रंगीत छत्रें, ढोल, सोन्याच्या मुठींच्या तलवारी! राजा परक्याशीं थेट बोलत नाहीं. सोनेरी टोंकाची काठी धरणारा त्याचा प्रवक्ता मध्यें उभा असतो. आपल्याकडील भालदार-चोपदारांहून याचा मान फार मोठा. कारण राजाचें बोलणें नीटनेटकें करून लोकांस सांगणें हें त्याचें काम.

१८७४ च्या लुटींतील सोनें लंडनच्या दोन संग्रहालयांत गेलें. ब्रिटिश म्यूझियम आणि व्हिक्टोरिया व अल्बर्ट पदार्थसंग्रहालय या दोघांनीं मिळून ३२ वस्तु २०२४ सालीं मान्ह्या राजवाड्यांत पाठविल्या. पाठविल्या म्हणजे परत दिल्या नव्हेत, तीन वर्षांच्या कराराने उसन्या दिल्या; कारण संग्रहांतील वस्तु कायमच्या देऊन टाकण्यास इंग्लंडचा कायदा आड येतो. ज्याची वस्तु त्यालाच ती उसनी, हा व्यवहार आम्हांस तरी चमत्कारिक वाटतो. त्याच वर्षीं अमेरिकेंतील एका विद्यापीठाच्या फाउलर संग्रहालयानें सात वस्तु कायमच्या परत केल्या, हें येथें सांगितलें पाहिजे. महाराष्ट्रास हा प्रकार परका नाहीं. २०२४ च्याच जुलैंत त्याच व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांतून वाघनखें तीन वर्षांच्या मुदतीनें साताऱ्यास आलीं. तीं शिवछत्रपतींच्याच हातचीं होत असें तें संग्रहालय छातीठोकपणें सांगत नाहीं, तरी लोक त्यांच्या दर्शनास लोटले.

कुमासीजवळच बोन्वीरे गांवीं केंटे वस्त्र विणतात. माग अरुंद, पट्टी चार बोटांची; अशा पट्ट्या शिवून सबंध वस्त्र होतें. येथून आपण टोगो देश ओलांडून आबोमेस जाऊं.

आबोमेचे राजवाडे मातीचे. ४७ हेक्टर आवारांत एकापाठोपाठ एक राजानें आपला वाडा बांधला, आणि भिंतींवर मातीचींच उठावदार रंगीत चित्रें केलीं: कोठें सिंह, कोठें तरस, कोठें लढाई. १८९२ सालीं फ्रेंच फौज जवळ आली तेव्हां बेहांझिन राजानें स्वतःच वाड्यांस आग लाविली व तो उत्तरेस निघून गेला. पुढें तो शरण आला. त्यास मार्टिनिक बेटांत ठेविलें, व १९०६ सालीं तो अल्जीअर्स येथें वारला. १९८५ पासून हे वाडे जागतिक वारशाच्या यादींत आहेत. फ्रान्सनें खास कायदा करून २६ वस्तु २०२१ सालीं कायमच्या परत केल्या. त्यांत अर्धा मनुष्य व अर्धा शार्क मासा अशी बेहांझिनची लांकडी मूर्ति आहे. कोतोनू येथें त्यांचें प्रदर्शन झालें, तेव्हां आजोबा-नातवंडें हातांत हात घालून पहावयास आलीं.

पण आबोमेस गेलेल्यानें तेथून दक्षिणेस समुद्रकांठच्या वीदा बंदरासहि गेलेंच पाहिजे. दाहोमीच्या राजांनीं १७२७ सालीं हें बंदर जिंकलें, आणि लढायांत धरलेलीं माणसें तेथें युरोपीय व्यापाऱ्यांस विकून बंदुका घेतल्या. सुमारें १० लक्ष माणसें या एका बंदरांतून अमेरिका खंडाकडे गेलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दाहोमीच्या स्त्रीसैनिकांच्या शौर्याच्या गोष्टी आज आवडीनें सांगतात, चित्रपटहि निघाले. त्या शूर स्त्रियाहि माणसें धरून आणीत, आणि वार्षिक उत्सवांत नरबळी दिले जात. आशांती व बेनिन यांचेहि हात या व्यापारांत होते. वाटाड्या जर हें सोडून केवळ सिंहासनें दाखवील, तर त्यास अर्धेंच वेतन द्यावें. किनाऱ्यावर १९९५ सालीं एक कमान उभारली आहे. तिला परत न येण्याचें दार म्हणतात.

शेवटचें ठिकाण बेनिन शहर. येथील राजास ओबा म्हणतात. पोर्तुगीज येथें गोवा घेण्याच्या पाव शतकापूर्वींच पोंचले होते, आणि पितळेचीं कडीं देऊन मिरीं, हस्तिदंत व गुलाम नेत होते. तीं कडीं वितळवून बेनिनच्या ओताऱ्यांनीं राजवाड्याच्या खांबांसाठीं पत्रे ओतले. त्यांवर दरबारी, योद्धे आणि लांब केसांचे पोर्तुगीजहि आहेत. डाप्पर नांवाच्या डच लेखकानें १६६८ सालीं या खांबांचें वर्णन छापलें. तो स्वतः आफ्रिकेस कधींच गेला नव्हता, हें लक्षांत घेऊन आमच्यासारख्यांनीं धीर धरावा. १८९७ च्या फेब्रुवारींत इंग्रजांनीं शहर घेतलें आणि हजारों वस्तु युरोपांत विकल्या गेल्या. इतकें सुबक काम आफ्रिकी लोकांचें असेल यावर प्रथम कोणी विश्वास ठेवीना. बर्लिनचे फॉन लुशान यांनीं मात्र हें काम इटलीच्या चेल्लिनीच्या तोडीचें आहे असें स्पष्ट लिहिलें. ओबा ओव्होन्राम्वेन कालाबार येथें हद्दपारींत १९१४ सालीं वारले, व त्याच वर्षीं त्यांचे पुत्र दुसरे एवेका गादीवर बसले. जर्मनीनें २०२२ सालीं २२ व हॉलंडनें २०२५ सालीं ११९ वस्तु परत केल्या. २०२३ सालीं नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनीं या वस्तूंचे मालक ओबाच होत असें जाहीर केलें. त्या कोठें ठेवाव्यात यावरून वाद चालू आहे.

तो वाद ऐकून झाल्यावर इगून आळींत जावें. ओताऱ्यांचीं घराणीं तेथें पिढ्यानुपिढ्या राहतात. मातीच्या गाभ्यावर मेणाची आकृति करावयाची, तीवर पुन्हां माती थापावयाची, भट्टींत मेण वितळवून काढावयाचें, आणि मेणाच्या पोकळींत पितळ ओतावयाचें. साचा फोडल्यावांचून वस्तु निघत नाहीं, म्हणून एका साच्यांत एकच वस्तु होते. जुने नळ आणि मोडकीं यंत्रें यांचें पितळहि आतां चालतें. गिऱ्हाईक घासाघीस करीत असतां आंत भट्टी पेटलेली असते.